फौज, फोन आणि पेन ड्राइव्ह : वाचकांचे प्रश्न

(कोर ऑफ सिग्नल्स या सैन्याच्या संदेशवहन शाखेतून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले आमचे साताऱ्याचे स्तंभलेखक या महिन्यात सैन्यातली सायबर सुरक्षा, नवं तंत्रज्ञान आणि नेतृत्व या विषयांवरच्या पत्रांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : माझा मोठा मुलगा फौजेत आहे. सुट्टीवर आला की सगळ्यांबरोबर फोटो काढतो, पण फेसबुकवर टाकू देत नाही. मागच्या खेपेला सुट्टी अर्धी टाकून त्याला परत जावं लागलं. धाकट्या मुलीने 'दादा निघाला' म्हणून स्टेटस ठेवलं, गाडीचं नावही लिहिलं. तो इतका चिडला की पोरगी रडली. एवढं काय असतं हो त्यात? — एक आई, कोरेगाव तालुका

उत्तर : ताई, लेकीला जवळ घ्या, पण मुलाचं बरोबर आहे. तिच्या एका स्टेटसमध्ये गुपित असं काहीच नाही, हे खरं. पण ते स्टेटस एकटं नसतं. त्याच दिवशी करवीरमधल्या एका बहिणीने तसंच काही लिहिलेलं असतं, खानापूरच्या एका मित्राने पलटणीच्या नावाचा टी-शर्ट घातलेला फोटो टाकलेला असतो. पलीकडे बसलेला माणूस हे तुकडे शेजारी शेजारी ठेवतो आणि त्याला कळतं, की अमुक पलटणीच्या सुट्ट्या रद्द झाल्या आणि जवान अमुक दिशेला निघाले.

हे आजचं नाही. आमच्या वायरलेसच्या जमान्यातही असंच चालायचं. संदेश सांकेतिक असला आणि फोडता आला नाही, तरी ऐकणारा रिकाम्या हाताने उठत नाही. टिंब-रेघांनी संदेश पाठवायच्या मोर्सच्या चावीवर प्रत्येक ऑपरेटरचा हात वेगळा वाजतो. कुणी टिंब आखूड मारतो, कुणी दोन अक्षरांमध्ये जरा जास्त थांबतो. तोच हात काल एका दिशेने येत होता आणि आज दुसरीकडून येतोय, म्हणजे ते ठाणं हललं. रोज दहा संदेश जायचे तिथे आज साठ गेले, म्हणजे काहीतरी शिजतंय. त्यासाठी संदेशातलं एक अक्षरही वाचावं लागत नाही. तुमच्या लेकीच्या फोनमधून नेमकं तेच बाहेर पडतं : कोण, कधी, कुठून कुठे.

जानेवारी २०१८ मध्ये साऱ्या जगाला याचा धडा मिळाला. स्ट्रावा नावाचं पळण्याचा, सायकलिंगचा हिशेब ठेवणारं अॅप आहे. कंपनीने सगळ्या वापरकर्त्यांच्या वाटा एकत्र करून नकाशा प्रसिद्ध केला. अफगाणिस्तान, सीरियाच्या ओसाड भागात त्यावर उजळ रेषा दिसल्या. त्या होत्या परदेशी सैनिकांच्या सकाळच्या धावण्याच्या वाटा, तळाच्या कुंपणाला वळसा घालणाऱ्या. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने ते जगासमोर मांडलं. पळणाऱ्या जवानांनी तर एक शब्दही लिहिलेला नव्हता.

आपल्या सैन्याने जुलै २०२० मध्ये ८९ अॅप फोनमधून काढून टाकायला सांगितली, फेसबुक आणि इन्स्टाग्रामसकट. एका लेफ्टनंट कर्नल साहेबांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने पुढच्याच महिन्यात अर्ज फेटाळला. तेव्हा घरापासून दूर राहणाऱ्या जवानावर हा जुलूम आहे, असं बरेच जण म्हणाले. त्यांचं दुःख मला कळतं. मीही गावाकडच्या पत्राची वाट बघत दिवस काढलेत. तरी तो हुकूम योग्यच होता, असं माझं मत आहे.

आणखी एक, ताई. 'रेकॉर्ड ऑफिसमधून बोलतोय, तुमच्या मुलाची युनिट कुठली, सध्या कुठे आहे, घरच्यांचं नाव सांगा' असा फोन आला, तर काही न सांगता ठेवून द्या. रेकॉर्ड ऑफिसकडे तुमच्या मुलाचा सगळा कागद आहे, त्यांना तुम्हाला विचारायची गरज नाही. पेन्शनवाल्या घरांना हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली असेच फोन येतात आणि 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलचा ओटीपी मागतात. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. मागणारा कितीही आदराने बोलला तरी नाही.

प्रश्न : जुनी स्कूटर ऑनलाइन विकायला आहे असं दिसलं. विकणारा म्हणाला, मी फौजी आहे, बदली झाली म्हणून स्वस्तात देतोय. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, सगळं पाठवलं. पैसे आधी मागतोय. भरोसा ठेवू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नका ठेवू. कामावरचा जवान आपलं ओळखपत्र अनोळखी माणसाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवत नाही, ते पाठवलं हीच खोटेपणाची खूण. ते कार्ड बहुतेक दुसऱ्या कुणाचं चोरलेलं असणार. तुम्ही काही विकत असाल तेव्हाही लक्षात ठेवा : पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पैसे गेलेच, तर तासभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. लोकांचा वर्दीवर विश्वास आहे आणि हे चोर त्यावरच पोट भरतात, याचा मला फार राग येतो.

प्रश्न : मी हिंजवडीत एका कंपनीत मॅनेजर आहे. सैन्यात नवीन सॉफ्टवेअर, नवीन यंत्रणा यायला वर्षं लागतात, आमच्याकडे महिन्यांत होतं. अडचण पैशाची आहे की नेतृत्वाची? — पुणे

उत्तर : साहेब, पैशाची अडचण आहे, पण ती दुसऱ्या नंबरची. पहिल्या नंबरचं उत्तर देण्याआधी तुमच्या तुलनेबद्दल एक सांगतो. तुमच्याकडे अपडेट रात्रीत आपोआप उतरतं. सैन्याचं आतलं जाळं, म्हणजे नेटवर्क, इंटरनेटला जोडलेलं नसतं, दोन्हींमध्ये एक वायरसुद्धा नसते. त्यामुळे अपडेट बाहेरून आणायचं, वेगळ्या ठेवलेल्या यंत्रावर तपासायचं, रजिस्टरात नोंद करायची, मग डिस्कवर घेऊन आत न्यायचं. हा उशीर जाणूनबुजून पत्करलेला आहे आणि तो तसाच राहायला हवा.

तरीही भिंतीला भोक पडतं, आणि बहुतेक वेळा ते घाईतून पडतं. अमेरिकेचं उदाहरण घ्या. २००८ मध्ये मध्यपूर्वेतल्या त्यांच्या एका तळावर कुणीतरी एक पेन ड्राइव्ह लष्करी लॅपटॉपला लावला. त्यातला एजंट-बीटीझेड नावाचा किडा, म्हणजे व्हायरससारखा आपोआप पसरणारा प्रोग्राम, त्यांच्या सेंट्रल कमांडच्या साध्या जाळ्यात शिरला आणि गोपनीय जाळ्यातही पोचला. जगातलं सगळ्यात श्रीमंत सैन्य ते, आणि सफाईला त्यांना वर्षाहून जास्त काळ लागला. नोव्हेंबर २००८ मध्ये पेंटागॉनने पेन ड्राइव्हवर सरसकट बंदी घातली आणि त्या दणक्यानंतर २०१० मध्ये त्यांची सायबर कमांड उभी राहिली. अडचण फक्त पैशाची असती तर हे तिथे घडलंच नसतं.

म्हणून मी नेतृत्वाकडे बोट दाखवतो. सिग्नल्समध्ये माझी उमेदवारी खांद्यावर केबलचा ड्रम घेऊन लाइन टाकण्यात गेली, शेवटची वर्षं फायबर आणि सर्व्हरच्या खोलीत. मधल्या काळात बरेच सीओ साहेब, म्हणजे युनिटचे प्रमुख (कमांडिंग ऑफिसर), पाहिले. यंत्रं जवळपास तीच असायची. युनिट पक्की की कच्ची, हे वरचा माणूस कसा वागतो त्यावर ठरायचं.

एक प्रसंग सांगतो. ब्रिगेड कमांडर पाहणीला यायचे होते आणि सकाळी ऐन वेळी नकाशा बदलला. नवी फाईल एका यंत्रावर, प्रोजेक्टर दुसऱ्या जाळ्यावरच्या यंत्राला जोडलेला. वीस मिनिटं उरली होती. तरुण कॅप्टन साहेब पेन ड्राइव्ह घेऊन आले. यंत्रावर बसलेला हवालदार उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, नोंद आणि स्कॅन झाल्याशिवाय लावता येणार नाही." स्कॅनला तास लागणार होता. खोलीत सगळे गप्प. हवालदाराच्या कानशिलावरून घाम निघाला होता, कारण नियम त्याच्या बाजूने असला तरी हुद्दा समोरच्याचा होता. तेवढ्यात सीओ साहेब आत आले, विचारलं काय झालं, ऐकून घेतलं. मग भिंतीवरचा कागदी नकाशा उतरवायला सांगितला, स्वतः पेन्सिलीने त्यावर बदल केले आणि ब्रिगेडियर साहेबांना तोच दाखवला. "सर, फाईल स्कॅनला लागली आहे," एवढंच बोलले. संध्याकाळच्या रोल कॉलला त्या हवालदाराला पुढे बोलावून सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्यानंतर ते साहेब असेपर्यंत त्या युनिटमध्ये आडवाटेने फाईल न्यायला कुणी मागितलं नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी उलटं पाहिलं. ऑपरेशन रूमच्या दाराशी मोबाइल ठेवायला लाकडी खण होते, नंबराचं टोकन मिळायचं. वरचे साहेब स्वतःचा फोन खिशात घालून आत जायचे. महिन्याभरात मेजर, मग कॅप्टन, मग सगळेच फोन आत नेऊ लागले. पहारेकऱ्याने अडवायचं कुणाला? अशा ठिकाणी कोट्यवधींची फायरवॉल काय कामाची?

आधुनिकीकरणातही हेच. वरून हुकूम येतो, योजना होते. लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीने २०१६ मध्ये सैन्याच्या रचनेत मोठे बदल सुचवले. आमच्या सिग्नल्सच्या जुन्या रेजिमेंट एकत्र करणं, काही घडी बदलणं त्यातच आलं. २०१७ मध्ये सरकारने त्यातल्या ६५ शिफारशी मान्य केल्या. जमिनीवर मात्र सीओची कारकीर्द दोन-अडीच वर्षांची. एकाने सुरू केलेलं दुसरा नव्याने सुरू करतो. आणि यंत्र जो चालवणार, त्या हवालदाराला खरेदीआधी फार कमी वेळा विचारतात. उंचावरच्या ठाण्यासाठी आलेला एक वायरलेस सेट मी पाहिला आहे, त्याची बटणं इतकी बारीक होती की हातमोजा काढल्याशिवाय दाबता येईनात. त्या थंडीत हातमोजा काढणं म्हणजे बोटं गमावणं. चाचणीच्या वेळी एका ऑपरेटरला टेबलापाशी बसवलं असतं, तर पाच मिनिटांत कळलं असतं.

चांगलंही घडतंय, ते लिहिलं नाही तर अन्याय होईल. तिन्ही दलांची मिळून डिफेन्स सायबर एजन्सी २०१९ मध्ये सुरू झाली आणि पहिले प्रमुख नौदलाचे रिअर अॅडमिरल होते. २०२३ मध्ये सैन्याने कमांडच्या पातळीवर सायबरच्या स्वतंत्र शाखा उभारायचं ठरवलं. त्याच वर्षी संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांवर विंडोजच्या जागी 'माया' ही देशी प्रणाली आणायला घेतली. अधिकाऱ्यांना 'संभव' हे सुरक्षित फोन मिळाले आणि चीनबरोबरच्या २०२४ च्या बोलण्यांत ते वापरलेही गेले. आता हा फोन हातात असताना तेच काम व्हॉट्सअॅपवर उरकायचं नाही, हे ज्याच्या त्याच्या सीओने बघायचं आहे.

प्रश्न : ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईची वीज गेली, तो चीनचा हल्ला होता का? आणि मे २०२५ मध्ये देशाची ७० टक्के वीज पाकिस्तानने बंद पाडल्याचं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं. — निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : गुरुजी, दोन्ही प्रकरणं वेगवेगळी आहेत. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्यात लोकल जागच्या जागी थांबल्या, ते तुम्ही स्वतः पाहिलं असेल. पुढे २०२१ मध्ये एका अमेरिकी कंपनीने चिनी गटाने आपल्या वीज केंद्रांच्या यंत्रणेत शिरकाव केल्याचा अहवाल दिला, पण मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झाला असं त्यांनीही म्हटलं नाही. राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मुंबईपुरती ती मानवी चूक होती असं सांगितलं. उत्तर आणि दक्षिण विभागाच्या वीज नियंत्रण केंद्रांवर हल्ल्याचे प्रयत्न झाले, हे मात्र त्यांनीही मान्य केलं. म्हणून मुंबईबद्दल छातीठोकपणे 'चीनच' असं मी म्हणणार नाही. पण वीज केंद्राकडे शत्रूचं लक्ष आहे, एवढं पक्कं.

७० टक्क्यांचं मात्र साफ खोटं होतं. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने (पीआयबी) लगेच खुलासा केला. त्या दिवसांत हल्ले झालेच नाहीत असं नाही. महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर पोलीस विभागाच्या अहवालाप्रमाणे सुमारे १५ लाख प्रयत्न झाले आणि त्यातले दीडशेच्या आसपास यशस्वी ठरले. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचं संकेतस्थळ त्यातच विद्रूप झालं. पण त्या खोट्या निरोपाने जे साधलं, ते नगरपालिकेच्या संकेतस्थळाने साधलं नसतं. संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापूरला सांगितलं, की त्या वेळच्या 'ऑपरेशन सिंदूर' मोहिमेत सैन्याचा सुमारे १५ टक्के वेळ खोट्या बातम्या खोडण्यात गेला. लढाई चालू असताना हा वेळ कुणी खाल्ला, तर तो ग्रुपवर पुढे ढकलणाऱ्यांनी. तुमच्या सोसायटीत तुमचा शब्द चालत असेल, गुरुजी. तिथे एकदा स्पष्ट बोला.

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सैन्यात सायबरमध्येच जायचं आहे. घरचे म्हणतात, फौजेत कॉम्प्युटरवाल्याला काय काम? थेट भरती आहे का? — सांगली

उत्तर : बाळा, डिफेन्स सायबर एजन्सीत थेट भरती नसते, तिथे तिन्ही दलांतले निवडलेले लोक जातात. तुझी वाट पदवीधर इंजिनिअरांसाठीच्या टीजीसी (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स) किंवा एसएससी टेक (शॉर्ट सर्व्हिस कमिशन, टेक्निकल) मधून. दोन्हींना एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, मुलाखत आहे, आणि एसएससी टेकमध्ये मुलींनाही जागा असतात. सिग्नल्स मिळालं, तर पुढे महूच्या आमच्या कॉलेजात शिकशील. इंजिनिअरिंगच्या बाकी शाखा मिळाल्या तरी सायबरचं दार बंद होत नाही.

घरच्यांना हे पान वाचून दाखव. आणि एक आत्ताच मनाशी ठरव : पहिली काही वर्षं तुला जवानांबरोबर पळावं लागेल, लाइन पाहणीला डोंगर चढावा लागेल, रात्री एक्स्चेंजवर बसावं लागेल. मी कोडिंगसाठी आलोय, असं म्हणणारा लेफ्टनंट मी पाहिला आहे आणि त्याचं ऐकणारा एकही जवान पाहिला नाही. तुझ्या हाताखालचा नाईक दहा-बारा वर्षं तेच यंत्र चालवत असेल. पहिल्या आठवड्यात त्याच्या शेजारी बस आणि विचार, हे कुठे अडतं.

जाहिराती 'जॉइन इंडियन आर्मी'च्या अधिकृत संकेतस्थळावर येतात, अर्जही तिथेच. सांगली-मिरजेकडे भरतीचं काम करून देतो म्हणून पैसे मागणारे फिरतात. तसा कुणी भेटला, तर नाव लिहून घे आणि पोलिसात दे.