नागपुरात राहून इंग्लंडमधलं जुनं, दुरुस्तीचं घर घ्यावं आणि भाड्याने द्यावं का?

घेऊ नका. जिथे जाऊन भिंतीला हात लावून बघता येत नाही, तिथलं दुरुस्तीचं घर तर मुळीच घेऊ नका.

माझ्या धाकट्या दिरांनी लिव्हरपूलला असंच एक जुनं विटांचं घर घेतलं, स्वस्त मिळतंय म्हणून. काम झाल्यावर एजंटने फोटो पाठवले. पांढरा रंग, नवं कार्पेट, घरात सगळे खूश. मला मात्र भिंतीच्या तळाशी हातभर उंचीचा पट्टा किंचित गडद दिसला. आमचं नागपूरच्या महाल भागातलं घर भाड्याने दिलेलं आहे आणि त्याची दुरुस्ती मी स्वतः मिस्त्रीसमोर उभी राहून करून घेते. जमिनीतून ओल चढली की भिंत अशीच दिसते. जुनं प्लास्टर विटेपर्यंत न खरवडता वरून पुट्टी मारली, तर वर्षाच्या आत खपल्या निघतात. मी म्हटलं, प्लास्टर काढल्यावरचे फोटो मागवा, तोवर शेवटचे पैसे सोडू नका. तर सगळ्यांसमोर, जेवताना म्हणाले, "वहिनी, तिकडे असं नसते. तिकडचे लोक प्रोफेशनल आहेत. तुम्ही महालातलं बघा." हिवाळ्यात भाडेकरूने काळ्या बुरशीचे फोटो पाठवले. पुन्हा बिल, तेही पौंडात.

पैशाचं म्हणाल तर एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ आयकर) घेते. रिटर्नमध्ये तो वळता होतो, तोवर अडकतो. तिकडे नेहमीच्या स्टॅम्प ड्यूटीवर आणखी ५ टक्के दुसऱ्या घराचे (तुमचं नागपूरचं घरही मोजतात) आणि २ टक्के परदेशात राहता म्हणून. भाड्याने द्यायचं तर वायरिंगची तपासणी दर ५ वर्षांनी, गॅसची दर वर्षी. जुन्या घराचा खर्च तिथेच फुगतो.

हो, तुमचं पोर तिथेच राहत असेल आणि कामावर लक्ष ठेवणार असेल, तर गोष्ट वेगळी. तरी घेण्याआधी स्वतःचा सर्व्हेयर (घराची तपासणी करणारा) लावा, एजंटने सुचवलेला नको. आणि घेतलंच तर आयकर रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशातल्या मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवा, नाहीतर १० लाखांचा दंड होऊ शकतो.

दिरांनी ते घर अजून ठेवलंय. माझ्या मते त्यांनी ते विकावं, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.