यादीतून नाव गेले, पुढे काय?

प्रश्न : कर्टलंड वॉर्बलर या पक्ष्याचे नाव अमेरिकेने २०१९ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीतून काढल्याचे वाचनात आले. त्याची संख्या मुळात इतकी का घटली होती आणि आता त्याला धोका उरलेला नाही, असे मानायचे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाव काढले हे खरे आणि माझ्या मते योग्यही, पण पक्षी आता स्वतःच्या बळावर तगून राहील, असा त्याचा अर्थ घेऊ नये.

हिवाळा बहामा बेटांवर काढणारा, जेमतेम चौदा ग्रॅम वजनाचा, पिवळ्या पोटाचा हा गाणारा पक्षी विणीसाठी मुख्यतः मिशिगन राज्याच्या उत्तर भागात येतो. तेथेही त्याला जॅक पाइनचे, साधारण ५ ते २० वर्षे वयाचे दाट रानच लागते. त्याचे घरटे जमिनीवर असते : पाणी चटकन मुरणाऱ्या रेताड मातीत, गवताच्या आणि जमिनीलगतच्या फांद्यांच्या आडोशाला. झाडे वाढली की त्या खालच्या फांद्या वाळतात, आडोसा संपतो आणि पक्षी ते रान सोडतो. पूर्वी वणव्यांच्या उष्णतेने जॅक पाइनची राळेने मिटलेली फळे उघडत आणि नवे रान उगवत असे. विसाव्या शतकात वणवे विझवण्याची व्यवस्था जसजशी चोख होत गेली, तसतशी कोवळी राने दुर्मीळ झाली. त्यात काउबर्डची भर पडली. पावशा जशी आपली पिल्ले सातभाईंच्या गळ्यात बांधतो, तसाच हा पक्षी परक्या घरट्यात अंडी घालतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस वॉर्बलरची सुमारे ७० टक्के घरटी त्याच्या तडाख्यात सापडत होती.

वॉर्बलरची गणना जूनमध्ये सकाळी, गाणाऱ्या नरांचे आवाज टिपून होते. १९६१ मध्ये असे ५०२ नर मोजले गेले; १९७१ मध्ये केवळ २०१.

१९७२ पासून काउबर्ड पिंजऱ्यांत पकडणे सुरू झाले. घसरण थांबली, परंतु संख्या वाढली मात्र नाही. १९८७ मध्येही १६७च नर आढळले. पिल्ले जगू लागली होती, पण त्यांना पुढे घरटी करायला रानच नव्हते. ते मिळाले एका दुर्घटनेतून. मे १९८० मध्ये मॅक लेक परिसरात, याच पक्ष्यासाठी मुद्दाम लावलेली नियंत्रित आग हाताबाहेर गेली. एका कर्मचाऱ्याचा जीव गेला, अनेक घरे जळाली आणि सुमारे २४ हजार एकर जंगल खाक झाले. वनखात्याला ही आठवण सुखाची नसणार. तरीही त्याच राखेतून उगवलेले रान योग्य वयाचे झाले, तेव्हा १९९० नंतर नरांची संख्या झपाट्याने वाढली.

आज वणव्याचे काम कुऱ्हाड आणि रोपवाटिका करतात : दरवर्षी ठरावीक क्षेत्रातील प्रौढ झाडे तोडून तेथे नवी रोपे लावली जातात. हे पुढेही चालू राहील, या संबंधित खात्यांच्या लेखी बांधिलकीचा आधार घेऊनच नाव काढण्याचा निर्णय झाला. २०२१ मध्ये २,२४५ जोड्यांचा अंदाज होता. २०२५च्या गणनेत तो दीड हजाराच्या आसपास उतरला. लावलेले रोप पक्ष्याच्या उपयोगी पडायला किमान पाच वर्षे लागत असल्याने लागवडीत पडलेला खंड गणनेच्या आकड्यांत उशिराच दिसतो, आणि तो भरून निघायलाही तितकाच काळ जातो.