रात्रीतून बसणारी गाडी आणि निर्दोष कॉम्प्रेसर

आपण विचारले आहे की, एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेने भरलेल्या रबरी फुग्यांवर उभी राहणारी, गाडी रात्रभर उभी राहिली की पुढून डावीकडे बसते, सकाळी सस्पेन्शनचा दिवा लागतो आणि वर्कशॉपने फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर बदलायला सांगितला आहे. तर तो बदलावा, की साध्या कॉइल स्प्रिंग बसवून घ्याव्यात? कॉम्प्रेसर आज बदलू नका. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण मी तो दोनदा बदलला आहे.

माझ्या गाडीत कॉम्प्रेसर जास्त तापल्याचा कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोष) आला आणि तेवढ्यावर पुण्यातल्या एका वर्कशॉपने नवा कॉम्प्रेसर बसवला. पाच महिन्यांत तोही जळाला. दुसऱ्या वेळी मी सुपरवायझरांना विनंती केली की, आधी हवा कुठून जाते ते पाहावे. "साहेब, कोड कॉम्प्रेसरचा आहे," एवढेच उत्तर मिळाले आणि तिसरा कॉम्प्रेसर लागला. कोड कॉम्प्रेसरचाच होता, पण तो का तापतो हे कोड सांगत नाही. गळती भरून काढण्यासाठी तो कुवतीबाहेर चालत राहतो, म्हणून तापतो; त्यातच ड्रायरमधली हवेचा ओलावा शोषणारी सिलिका जेल ओली होऊन ओलावा फुग्यांकडे हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत पोहोचतो, आणि मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट चिकटले तर गाडी बंद असतानाही मोटर थांबत नाही.

गाडी पुन्हा बसू लागली तेव्हा मी घरीच शोध घेतला. रात्री चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत टेपने मोजले आणि सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला, कारण अनेक गाड्यांचा कंट्रोलर उभ्या गाडीचीही उंची जुळवत राहतो आणि मोजमाप फसते. सकाळी तीन कोपरे जागच्या जागी होते. पुढचा डावा 42 मिलिमीटर खाली होता. फ्यूज लावून गाडी वर घेतली, स्टिअरिंग पूर्ण वळवले, फुग्यावरचे आवरण सरकवले आणि साबणाचे पाणी ब्रशने लावले. फुग्याचे रबर जिथे खालच्या पिस्टनवर (आधाराच्या नळकांड्यावर) दुमडते, त्या घडीत केसाएवढी भेग होती आणि तिच्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. फुगा आणि रिले बदलला. तिसरा कॉम्प्रेसर आजही चालू आहे.

माझे थोरले बंधू अजूनही म्हणतात की, आपल्या खड्ड्यांत हवेची गाडी टिकत नाही, तेव्हाच स्प्रिंग बसवायला हव्या होत्या. मला हे मुळीच मान्य नाही. फुगा रबराचा आहे, तो टायरसारखाच झिजणार आणि बदलावा लागणार. टायर फाटला म्हणून कोणी नुसत्या रिमवर गाडी चालवत नाही. स्प्रिंग बसवल्या की वजनानुसार उंची राखण्याची सोय जाते, आणि शॉकअपही इलेक्ट्रॉनिक असतील तर वायरिंगमध्ये नवी गुंतागुंत सुरू होते.

फुग्याला फेस आला नाही, तर नळीचे जोड आणि व्हॉल्व्ह ब्लॉक तपासावे लागतील. गाडी बसत नसून चालू असतानाच वाकडी उभी राहत असेल, तर उंची मोजणाऱ्या हाइट सेन्सरचा दांडा गंजून तुटला आहे का ते पाहा. तिथे मात्र स्कॅनरवरची लाइव्ह आकडेवारी खरोखर उपयोगी पडते. गाडी उचलण्याआधी जॅक मोड (उंची आपोआप जुळवणे थांबवणारी सोय) लावा आणि स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालू नका. नव्या फुग्यात हवा भरल्याखेरीज गाडीचे वजन त्यावर टेकवू नका. रिकामी घडी चिरडून नवा फुगाही फाटतो.