३०० पैकी १८६, पात्र आहे पण यादीत नाव नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलीला पाचवीच्या स्कॉलरशिपला १८६, त्यात मराठी ४०, गणित ५२, इंग्रजी ३८, बुद्धिमत्ता ५६. निकालावर 'पात्र' आलंय पण गुणवत्ता यादीत नाव नाही, शाळेत मात्र कायम अ-१. शेजारच्या मुलाचं नाव यादीत लागलं म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस नुसते हार-तुरे चाललेत, मिस्टर म्हणतात रिचेकिंगला टाका, सासूबाई म्हणतात आतापासून क्लास लावा, आणि पोरगी काहीच बोलत नाहीये. मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत मास्तरकी केली, आता रिटायर आहे, स्कॉलरशिपचा वर्ग बरीच वर्षं माझ्याच गळ्यात असायचा, त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

आधी मिस्टरांचं बघू कारण ते पटकन संपतं. गुणपडताळणी असते, पण ती अंतरिम निकालानंतर. तेव्हा ठरावीक दिवस देतात, अर्ज शाळेच्या लॉगिनमधून जातो, पेपरमागे ५० रुपये फी. नावात-आडनावात चूक असेल तर ती पण तेव्हाच दुरुस्त होते (हे बाकीच्यांनीही लक्षात ठेवा, दरवर्षी कुणाचं तरी आडनाव चुकलेलं असतं आणि आईबापांना ते थेट सर्टिफिकेटवर दिसतं). तुमचा आता अंतिम निकाल लागलाय, म्हणजे ती खिडकी बंद झाली. आणि खरं सांगू, उघडी असती तरी मी टाका म्हटलं नसतं. उत्तरपत्रिका मशीन तपासतं, त्यात 'सरांनी एक मार्क कमी दिला' असला प्रकार नसतो, वर्तुळ रंगवलंय ते रंगवलंय. घरी उत्तरसूचीशी ताडून बघितल्यावर वीस-तीस मार्कांचा फरक येत असेल तर गोष्ट वेगळी, तसं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

आता 'पात्र'. हा शब्द फार फसवा आहे, पालकांना वाटतं पात्र म्हणजे मिळाली, मग यादीत नाव दिसलं नाही की कुणीतरी हिसकावून घेतल्यासारखं होतं. पात्र म्हणजे दोन्ही पेपरात वेगवेगळे किमान ४० टक्के, १५० पैकी ६०. तुमच्या मुलीला पहिल्यात (मराठी-गणित) ९२ आणि दुसऱ्यात (इंग्रजी-बुद्धिमत्ता) ९४ आहेत. मग शिष्यवृत्ती का नाही, तर तिचे संच ठरलेले असतात, म्हणजे किती पोरांना द्यायची ते आधीच पक्कं, ग्रामीण-शहरी वेगळं, आणि पाचवीला जिल्ह्याप्रमाणे यादी लागते. २०२५ च्या परीक्षेचं बघा, पाचवीला पाच लाखांच्या वर पोरं बसली, त्यातली साधारण चारातलं एक पात्र झालं, आणि प्रत्यक्ष शिष्यवृत्ती मिळाली साडेसोळा हजारांच्या आसपास पोरांना. म्हणजे तुमची पोरगी पहिल्या पाव हिश्श्यात आहे आणि तुम्ही घरात सुतक पाळताय.

यादी जिल्ह्याप्रमाणे असल्यामुळे एकाच मार्कांवर एका जिल्ह्यात पोरगं यादीत बसतं आणि दुसऱ्या जिल्ह्यात रांगेत बरंच मागं राहतं. आमच्या शेजारी कोल्हापूर. तिकडच्या ग्रामीण शाळा या परीक्षेला अशा काही भिडतात की पोरं संध्याकाळी कंदिलासारखी शाळेतच पेटलेली दिसतात, तिथं १८६ वर कुणी ढुंकून बघणार नाही. आता त्यात तुमच्या पोरीची हुशारी वाढली का कमी झाली? तिच्या डोक्यात तेच आहे, जिल्हा बदलला.

शाळेत अ-१ आणि इथं ६२ टक्के कसे, हे बऱ्याच जणांना झोंबतं. अ-१ म्हणजे ९१ च्या पुढं, बरोबर, पण शाळेची चाचणी शिकवलेल्या धड्यावर असते, आदल्या आठवड्यात सराव झालेला असतो, तोंडी, उपक्रम, वही असं सगळं धरून श्रेणी येते. स्कॉलरशिपच्या पेपरात ३० टक्के प्रश्न सोपे, ४० मध्यम आणि ३० कठीण असं ठरवूनच पेपर काढलेला असतो. कठीण म्हणजे पोरं गाळायलाच टाकलेले. आणि वेळ बघा, एका पेपरला ७५ प्रश्न आणि दीड तास, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटाच्याही आत, त्यात वर्तुळ रंगवायचं. दहा-अकरा वर्षांचं पोर ते, मराठीचा उतारा लागला की गोष्ट वाचत बसतं, छान असते गोष्ट, आणि मग गणिताच्या शेवटच्या पंधरा प्रश्नांना टोल पडायची वेळ येते.

तुमच्या आकड्यांतही मला तेच दिसतंय. प्रश्नाला दोन मार्क, म्हणजे मराठीत २५ पैकी २० बरोबर, इंग्रजीत १९. भाषा चांगली आहे तिची. गणितात ५० पैकी २६ आणि बुद्धिमत्तेत २८. सगळा खड्डा तिथं आहे, पण तो खड्डा 'येत नाही'चा आहे की 'पोचलीच नाही'चा आहे हे मार्कांवरून कळत नाही, त्यासाठी प्रश्नपत्रिका उघडावी लागते. घरी असेल ना? नसेल तर परीक्षा परिषदेच्या साईटवर बघा नाहीतर शाळेत मागा. प्रश्नपत्रिकेचे ए, बी, सी, डी असे चार संच असतात, तिचा जो असेल त्याचीच उत्तरसूची घ्या, नाहीतर सगळंच चूक निघेल आणि घरात नवीन रामायण.

मग एका रविवारी, जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद, तिला घेऊन बसा, पण पेन तिच्या हातात. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढं तिनंच खूण करायची. अजिबात माहीत नव्हतं त्याला फुली, माहीत होतं पण चुकलं त्याला गोल, आणि वेळ नव्हता म्हणून अंदाजे ठोकलं त्याला रेघ. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. 'हे तर किती सोपं होतं' हे वाक्य तर तोंडातून काढायचंच नाही, माझ्या अनुभवात या एका वाक्यानं जेवढी पोरं गप झाली तेवढी छडीनं पण झाली नसतील.

एक उदाहरण देतो म्हणजे गोल खूण कशाला ते कळेल. बुद्धिमत्तेत कॅलेंडरचा प्रश्न हमखास असतो. समजा १५ ऑगस्टला मंगळवार आहे, तर त्याच वर्षी २ ऑक्टोबरला कोणता वार? पोरगी सांगते रविवार. चूक. पण कसं केलंस म्हणून विचारा. ती सांगेल ऑगस्टचे राहिले १५ दिवस, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे २, झाले ४७, साताने भागलं, बाकी ५, मंगळवारच्या पुढं पाच म्हणजे रविवार. बघा, रीत सगळी बरोबर आहे, फक्त ऑगस्ट तिनं ३० चा धरला. ३१ चा धरला की १६ राहतात, बेरीज ४८, बाकी ६, उत्तर सोमवार. आणि पर्यायात रविवार असतोच, पेपर काढणाऱ्याला माहीत असतं पोरं कुठं घसरतात. अशा पोरीला क्लासमध्ये परत 'कॅलेंडर' धडा पहिल्यापासून शिकवून काय होणार, तिला मूठ आवळून हाडं मोजायला शिकवा, उंच हाड ३१, खड्डा ३० किंवा फेब्रुवारी, जुलै-ऑगस्ट दोन्ही हाडावर येतात. दोन मिनिटांचं काम. तुमच्या मुलीच्या २२-२४ चुकांत अशा किती आहेत ते बघा आधी, मग क्लासचं बोलू.

क्लासवरून आठवलं. आमच्या चौकात एकदा एकाच पोराचा फोटो दोन वेगवेगळ्या क्लासच्या फ्लेक्सवर लागला होता, दोन्हीकडं 'आमचा विद्यार्थी'. पोराला विचारलं तर म्हणे एकीकडं आठ दिवस जाऊन आलो होतो. असो. पैशाचा पण हिशोब करा. ही योजना १९५४-५५ पासून चालू आहे, आणि मधली कित्येक वर्षं तिची रक्कम इतकी किरकोळ होती की वर्षाचे पैसे एका दप्तरात संपायचे. २०२३ ला ती वाढवली, आता पाचवीवाल्यांना वर्षाला ५००० आणि आठवीवाल्यांना ७५००. पाचवीची तीन वर्षं मिळते, म्हणजे एकूण १५०००. गवंड्याच्या, शेतमजुराच्या घरात ते पैसे मोठे आहेत, मी बघितलंय त्यातून सायकल आलेली. पण ज्या घरात क्लासलाच त्याहून जास्त मोजायची तयारी आहे तिथं हे पैशासाठी चाललेलं नाही, ते ग्रुपवरच्या फोटोसाठी चाललंय, हे निदान आपल्यापाशी तरी कबूल करावं.

आता जे सांगतोय ते माझं स्वतःचं आहे, सांगायला बरं वाटत नाही. तेव्हा स्कॉलरशिप चौथीला असायची. शाळेला निकालाचं एकच पत्रक यायचं, त्यावरून मी प्रत्येक पोराला चिठ्ठीवर मार्क लिहून द्यायचो. एका पोराला ११२ होते. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला, गवंडीकाम करायचा, अंगावर सिमेंट तसंच, हातात पाव किलो पेढ्यांचा पुडा. म्हणाला गुरुजी, पोराला २१२ पडले, मग यादीत नाव कसं नाही, जरा बघा की. चिठ्ठी माझ्यापुढं ठेवली. अक्षर माझंच, फक्त पहिल्या एकाला खाली शेपूट ओढून दोन केला होता, शाई पण वेगळी. मी काय केलं, कपाटातून पत्रक काढलं आणि सगळ्या स्टाफसमोर त्या नावावर बोट ठेवलं. एवढंच. पोरगं दारात उभं होतं, चपला हातात घेऊन. बाप काही बोलला नाही, पुडा टेबलावर तसाच ठेवून गेला. पोरगं चार दिवस शाळेत आलं नाही, पाचव्या दिवशी आजीचं बोट धरून आलं. चौथीतलं पोर, बापाला खूश करायला आकडा बदलतं, म्हणजे त्याच्या घरात त्या आकड्याचं वजन काय असेल, आणि ते वजन वाढवण्यात रोज फळ्यावर मार्कांची उतरंड लिहिणारा मीच होतो. बाहेर व्हरांड्यात नेऊन बापाशी हळू बोललो असतो तरी चाललं असतं. आता तो मोठा झालाय, आयटीआय केलं, टर्नर आहे. बाजारात दिसला की नमस्कार करतो, थांबत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं 'मुलगी काहीच बोलत नाहीये' हे मला त्या १८६ पेक्षा जास्त मोठं वाटलं. ग्रुपवर शेजारच्या पोराचं मनापासून अभिनंदन करून टाका, पोरीच्या समोर करा, आणि तो विषय तिथंच मिटवा, तुलना नको. सासूबाईंना सांगायला सोपं वाक्य हवं तर 'चार पोरांत एक पास होतं त्यात आपली आहे' असं सांगा, आमच्या पिढीला पास-नापासच कळतं.

पुढच्या परीक्षेचं. २०१६-१७ ला ही परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली होती, आता परत चौथी-सातवीकडं आणायचं ठरलंय, त्यामुळे तिची पुढची संधी आठवीत न येता सातवीतच येईल, शाळेत जाऊन नक्की करून घ्या म्हणजे गाफील राहायला नको. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही रंगवले तरच मार्क, तसा नमुना सातवीला आला तर त्याची सवय वेगळी करावी लागते. पण ते नंतरचं. आत्ता रोज वीस मिनिटं, घड्याळ लावून पंधरा प्रश्न, आणि गणितापासून सुरुवात, उतारा शेवटी. बसायची तिची तयारी असेल तर. नसेल तर महिनाभर काहीच नको, खेळू दे.

तिचा संच कोणता ते लिहा आणि रविवारी बसल्यावर गणित-बुद्धिमत्तेतल्या गोल खुणेचे प्रश्न क्रमांक इथं टाका. फुलीचे नकोत, गोलचेच. मी बघून सांगतो कुठं घसरतेय.