तीन दिवस उशीर झाला म्हणजे प्रोजेक्ट तीन दिवस लेट होतो का?

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं खरं तर, कारण पहिल्यांदा वाचताना हसू आलं आणि मग वाटलं अरे आपलंही असंच झालं होतं. तू लिहिलंयस की प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरच्या इंटरव्ह्यूला जाताना साठ-सत्तर शब्दांच्या व्याख्या पाठ करून गेलीस, स्कोप, माइलस्टोन, डिलिव्हरेबल, स्टेकहोल्डर सगळं तोंडपाठ, आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "एक काम तीन दिवस लेट झालं तर प्रोजेक्ट किती दिवस लेट होईल?" तू म्हणालीस तीन दिवस. ते गप्प बसले आणि पुढच्या कँडिडेटला बोलावलं. आता तू विचारतेयस की पीएमपी, म्हणजे ती प्रोजेक्ट मॅनेजरची सर्टिफिकेट परीक्षा, करू का.

पीएमपीचं नंतर बोलू. आधी तो प्रश्न, कारण त्याचं बरोबर उत्तर "ते काम कुठलं यावर अवलंबून आहे" असं आहे आणि ते एकदा कळलं की तुझे निम्मे शब्द आपोआप जागेवर बसतील.

समज कॉलेजचा वार्षिक अंक काढायचाय. लेख गोळा करायला १० दिवस, मग एडिटिंग ५ दिवस, मग लेआउट ४ दिवस, मग छपाई ७ दिवस. ही एकामागून एकच होणार, लेख आल्याशिवाय एडिटिंग काय करणार, यालाच डिपेंडन्सी म्हणतात. बेरीज २६ दिवस. शिवाय कव्हर डिझाइन करायचंय, त्याला ६ दिवस लागतात, पण ते पहिल्या दिवसापासून बाजूला चालू शकतं आणि छपाई सुरू व्हायच्या आत म्हणजे १९ दिवसांत झालं की पुरे. आता कव्हरवाला तीन दिवस लेट झाला तर अंक किती लेट? शून्य दिवस. त्याच्याकडे १३ दिवसांची ढील आहे, हाच तुझा फ्लोट. पण एडिटर तीन दिवस लेट झाला की अंक २६ ऐवजी २९ दिवसांनी. ती जी ढील नसलेली सगळ्यात लांब साखळी आहे ना, लेख ते छपाई, ती क्रिटिकल पाथ. क्रिटिकल म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं काम नव्हे हां, इथे निम्मे लोक फसतात. कव्हर कितीही महत्त्वाचं असलं तरी ते क्रिटिकल पाथवर नाहीये, जोपर्यंत ते १३ दिवसांपेक्षा जास्त रेंगाळत नाही तोपर्यंत.

क्रिटिकल पाथची ही पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी मिळून काढली, केमिकल प्लांटच्या कामांसाठी. साधारण त्याच सुमारास अमेरिकन नेव्हीने पोलारिस मिसाइलसाठी पर्ट काढलं, तीही अशीच कामांचं जाळं आखायची पद्धत. गँट चार्ट, म्हणजे कामं तारखांवर आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, त्याच्याही आधीचा. म्हणजे आजची प्रोजेक्टची सॉफ्टवेअर नव्हती तेव्हापासूनचे हे शब्द आहेत, त्यामुळे टूल शिकायच्या आधी कागदावर काढता आलं पाहिजे.

आता उशीर भरून काढायचाय. दोन रस्ते. क्रॅशिंग म्हणजे क्रिटिकल पाथवरच्या कामावर जास्त माणसं, जास्त पैसा लावायचा (कव्हरवर दुसरा माणूस लावून काही मिळणार नाही, हे आता तुला सांगायला नको). फास्ट ट्रॅकिंग म्हणजे एकामागून एक होणारी कामं थोडी एकत्र चालवायची, पाच दिवसांत जेवढे लेख आले तेवढ्यांचं एडिटिंग सुरू. ऐकायला फुकट वाटतं पण रिस्क असते. सिडनी ऑपेरा हाऊसचं बांधकाम १९५९ ला सुरू झालं तेव्हा वरचे ते शंखासारखे छत नक्की कसे बांधायचे हेच सुटलेलं नव्हतं, नंतर कळलं की आधी बांधलेले खांब त्याचं वजन पेलणार नाहीत, ते पुन्हा करावे लागले. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज होता, १०.२ कोटींवर गेलं, १९६३ ला उघडायचं ते १९७३ ला उघडलं. आणि गंमत बघ, २००७ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. तर हा प्रोजेक्ट यशस्वी की फेल? वेळ, खर्च, स्कोप (काय काय करायचं ठरलंय ते) या त्रिकोणात बघितलं तर फेल, इमारत म्हणून बघितलं तर प्रश्नच नाही. इंटरव्ह्यूत असं काही बोललीस तर समोरचा सरसावून बसेल.

बाकीचे शब्द पटकन. रिस्क म्हणजे अजून न घडलेलं, इश्यू म्हणजे घडलेलं, एवढाच फरक. स्कोप क्रीप बद्दल मात्र सांगतो, मी या लाइनमध्ये यायच्या आधी एका कंपनीत होतो तिथे क्लायंट दर मीटिंगला "एवढं छोटंसं करून द्या ना" म्हणायचा आणि आम्ही हो म्हणायचो, लिहून कोणीच घेतलं नाही, शेवटी दोन महिने जादा गेले आणि बिल तेवढंच. चेंज रिक्वेस्ट हा कंटाळवाणा फॉर्म कशासाठी असतो ते मला तेव्हा कळलं. नाही म्हणायला नाही, "हो, पण मग तारीख ही आणि खर्च हा" असं म्हणायला.

आता पीएमपी. नको, आत्ता तरी नको, आणि तुझ्या हातातही नाही ते. ग्रॅज्युएटला प्रोजेक्ट लीड केल्याचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, वर ३५ तासांचं ट्रेनिंग. फ्रेशरसाठी पीएमपी घेणाऱ्या त्याच संस्थेची (पीएमआयची) सीएपीएम ही सुरुवातीची परीक्षा आहे, तिला अनुभव लागत नाही, २३ तासांचं ट्रेनिंग पुरतं. पण तीही घाईने करू नकोस. आधी सहा महिने कोऑर्डिनेटर किंवा ट्रेनी म्हणून कुठेही चिकट, मीटिंगचे मिनिट्स लिही, कोणाचं काम कोणामुळे अडलंय ते बघ, मग ठरव.

आणि हे करून पाठव. त्याच अंकात जाहिराती गोळा करायचं काम घाल, १२ दिवसांचं, पहिल्या दिवसापासून सुरू, लेआउटच्या आधी हव्यात. त्यांचा फ्लोट किती? त्या पाच दिवस लेट झाल्या तर अंक किती लेट आणि मग क्रिटिकल पाथ कुठला? कागदावर चौकोन आणि बाण काढून फोटो पाठव, एक्सेल नको.