वाचकांचे प्रश्न : दूध सोडायचं ते कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी हिंजवडीत नोकरी करते. दिवाळीपासून तिने दूध, दही, तूप, पनीर, मध सगळं बंद केलंय. आपण आता व्हीगन आहोत, म्हणते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार. दूध काढल्याने कुणाचा जीव जातो का? पाडव्याला तिने श्रीखंडाला हात लावला नाही, तर सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या. कारण विचारलं की ती परदेशातले व्हिडिओ दाखवते. तुम्ही गुरांच्या डॉक्टर असून दूध घेत नाही, असं कळलं. तुमचं कारण काय? आणि तिच्या हाडांचं, रक्ताचं काय? — एक आई, चिंचवड

उत्तर : ताई, परदेशातले व्हिडिओ बाजूला ठेवा. मी फलटण-माळशिरस भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत नोकरी केली, तिथलंच सांगते.

गाय व्यायल्याशिवाय दुधाला येत नाही. म्हणून कृत्रिम रेतन करून ती गाभण ठेवायची, नऊ महिन्यांनी व्याली की दूध चालू, आणि अडीच-तीन महिन्यांत पुन्हा रेतन. दर वेताला वासरू होतं आणि त्यातले निम्मे गोऱ्हे असतात. कालवड झाली तर उद्याची गाय म्हणून तिला जपतात. गोऱ्ह्याचं मात्र काय करायचं ते कुणालाच कळत नाही. पूर्वी खिलार गोऱ्हा झाला की घरात आनंद व्हायचा, कारण तो औताला यायचा. आताच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसतं, जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही, आणि औत तर ट्रॅक्टरकडे गेलं. तीस किलोच्या वासराला दिवसाला तीन लिटर दूध लागतं. तेवढ्याच दुधाचे डेअरीत शंभरेक रुपये येतात. मग त्याच्या वाट्याला दूध येतं ते तोंडाला लावण्यापुरतं.

अशा वासरासाठी मला बोलावणं क्वचितच यायचं. गाईला दगडी (कासेची सूज) झाली म्हणून जायचे, तेव्हा ते कोपऱ्यात आखूड दाव्याला बांधलेलं दिसायचं. डोळे खोल गेलेले, शेपटीखाली हगवण वाळलेली. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची, इतकं अंगातलं पाणी आटलेलं. सलाइन लावू का विचारलं की मालक खाली बघायचा. त्याला दोष देववत नाही, त्याचंही गणित जुळत नसतं. म्हशीची तऱ्हा वेगळी. रेडकू मेलं की ती पान्हा चोरते, दूध सोडत नाही. मग मेलेल्या पिल्लाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवायची रीत होती. ते चाटणारी म्हैस मी पाहिली आहे.

महाराष्ट्रात मार्च 2015 पासून गाईंबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे गोऱ्ह्याला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि काही जण तो रात्री कुठेतरी सोडून येतात. रेड्यांना आणि भाकड म्हशींना ती बंदी लागू नाही. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, आणि ती जनावरं बहुतेक दुधाच्या गोठ्यांतूनच येतात. तेव्हा जीव जातो, ताई. माझं कारण हे आहे, आणि मला ते पुरेसं वाटतं.

सासूबाईंना हे परदेशी खूळ वाटत असेल तर एक सांगा. व्हीगन हे नाव 1944 मध्ये इंग्लंडात पडलं, पण गांधीजींनी 1912 मध्येच दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं होतं. गाई-म्हशींवर गवळी करतात ती जबरदस्ती वाचून त्यांचं मन उठलं होतं. पुढे मोठ्या आजारपणात कस्तुरबांनी सुचवलं म्हणून त्यांनी शेळीचं दूध घेतलं. त्याची बोच मनात राहिली, हे त्यांनीच लिहून ठेवलंय.

हवामानाचं कारणही खरं आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या ढेकरांतून मिथेन बाहेर पडतो. माझ्यासाठी ते दुसरं कारण. वजन उतरेल, चेहरा उजळेल, असल्या आशेवर मात्र मुलीला राहू देऊ नका. वजन उतरलं नाही की निश्चयही सुटेल.

तब्येतीबद्दल तुमची काळजी रास्त आहे. बी-12 वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, त्याची गोळी घ्यावीच लागते. किती आणि कशी, ते रक्त तपासून डॉक्टरांना विचारा. तुम्हीही तपासून घ्या, कारण दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतही ते पुष्कळदा कमी भरतं. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात 120 च्या आसपास. नाचणी मोड आणून दळली तर अंगी जास्त लागते. पालकावर भिस्त नको, त्यातलं कॅल्शियम शरीर फारसं शोषत नाही. बाहेरचं घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका पुरत नाही, दुधाच्या पदार्थांवरही तो असतो. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने व्हीगन पदार्थांसाठी हिरव्या ‘व्ही’चं वेगळं चिन्ह ठरवलंय, ते बघा.

आणि सणावारी भांडण नको. कोकणात पुरणपोळी नारळाच्या रसाबरोबर खातात, तशी सासूबाईंनाच करायला सांगा. कढीसाठी शेंगदाण्याचं दही लावा. दाणे रात्रभर भिजवून वाटायचे, गाळायचे, उकळून कोमट करायचं आणि विरजणाऐवजी हिरव्या मिरच्यांची पाच-सहा देठं घालून झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात रात्रीतून लागतं. जरा तुरट होतं, पण फोडणी बसली की कळत नाही.

प्रश्न : आमच्या आठ गाई आहेत. उसाचं बिल कधी येईल सांगता येत नाही, घर चालतं ते दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारावर. लोकांनी दूध बंद केलं तर आम्ही खायचं काय? — एक वाचक, माळशिरस तालुका

उत्तर : दादा, गोठा बंद करा असं मी तुम्हाला सांगणार नाही. ज्याला दुसरं काही खाता येतं त्याने दूध सोडावं, एवढंच मी शहरातल्या माणसाला सांगते. त्याने सोडलं म्हणून तुमचा पगार उद्या थांबत नाही. माझं एक मागणं तुमच्याकडेही आहे. रेतन करताना सॉर्टेड सीमेन, म्हणजे कालवडीसाठी निवडलेलं वीर्य मागा. त्याने दहातल्या नऊएक वेळा कालवड होते, म्हणजे नकोसे गोऱ्हे जन्मालाच कमी येतात. तरीही गोऱ्हा झालाच, तर पहिल्या दोन तासांत त्याला पोटभर चीक पाजा. डेअरी चीक घेतही नाही. खरवसासाठी कुणी तांब्या घेऊन आलं, तर वासराचं झाल्यावर या म्हणावं.