ट्रेलरचं नंतर बघू सर, आधी तो पाच लाखांचा हप्ता थांबवा

अमळनेरहून एका सरांचं पत्र आलंय, थोडक्यात देतो. वय 59, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मागच्या वर्षी रिटायर. पेन्शन 48 हजार, घरखर्च 30 हजारच्या आसपास, मुलगी लग्न होऊन पुण्याला. सरांना आणि वहिनींना द्वारकेपासून अरुणाचलच्या परशुराम कुंडापर्यंत हायवे टाळून, गावागावातून, आडवाटेने जायचंय. बोलेरो घरचीच आहे, तिच्यामागे लावायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर 9 लाखांना मिळतोय, एरवी तो भाड्याने देऊन महिन्याला 15 हजार सुटतील असा सरांचा हिशेब. विचारलंय एवढंच, की एफडी मोडू का लोन काढू? आणि शेवटी जाता जाता दोन ओळी: एफडी 27 लाख आहे, शिवाय बँकेच्या साहेबांनी दिलेली वर्षाला 5 लाखांची स्कीम आहे, पाच वर्षांत डबल होते आणि टॅक्स फ्री आहे, दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात. सोबत पॉलिसीच्या कागदाचे फोटो.

सर, नमस्कार. ट्रेलरकडे येतोच, पण त्या शेवटच्या दोन ओळी वाचून मला बाकीचं पत्र पुन्हा वाचावं लागलं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत सह्यांच्या जागी पेन्सिलने टिकमार्क केलेले दिसतात, म्हणजे साहेबांनी खुणा केल्या आणि तुम्ही सह्या करत गेलात. त्याच पानावर वरच्या चौकटीत बघा, प्रीमियम भरायची मुदत 10 वर्षं लिहिलीय. पाच नाही, दहा. पाच वर्षं हा लॉक-इन आहे, तोपर्यंत पैसे काढता येत नाहीत एवढाच त्याचा अर्थ. आणि ही बँकेची स्कीम नाहीच, हा युलिप आहे, म्हणजे विमा कंपनीची शेअर बाजाराशी जोडलेली पॉलिसी, बँक फक्त विकणारी.

आता डबलचं बघू. 5 लाख गुणिले पाच म्हणजे 25 लाख, त्याचे 50 व्हायचे. पण सगळे पैसे काही पाच वर्षं राहणार नाहीत, पहिला हप्ता पाच वर्षं राहील, शेवटचा एकच वर्ष, सरासरी तीन. तीन वर्षांत डबल म्हणजे वर्षाला 24 टक्क्यांच्या आसपास! असा परतावा कुणी लिहून देत नाही सर, आणि तुमच्या कागदावरही तो कुठे लिहिलेला नाही. कागदावर 50 लाख आहे, पण ते सम अॅश्युअर्डसमोर. म्हणजे तुम्ही गेल्यावर वहिनींना मिळायची रक्कम. तोच आकडा बोट ठेवून तुम्हाला दाखवला असणार, याचा मला फार राग येतो, कारण पाच महिन्यांतलं हे काही पहिलं पत्र नाही आणि दरवेळी समोर रिटायर झालेला शिक्षक नाहीतर एसटीवाला असतो.

आणि त्या 50 लाखांच्या विम्याचे पैसे कोण भरतंय? तुम्हीच. तुमच्या वयाला मॉर्टॅलिटी चार्ज, म्हणजे विम्याचा खर्च, हजारी दहाएक रुपये धरा, 50 लाखांतून फंडातले तुमचेच पाचेक लाख वजा जाता 45 लाखांच्या जोखमीवर वर्षाला 45 हजार झाले, ते फंडातून गुपचूप कापले जातात आणि वय वाढेल तसा दर चढत जातो. मुलगी तिच्या घरी सुखात, तुमच्यामागे वहिनींना फॅमिली पेन्शन आहे, मग 59 व्या वर्षी हा विमा कशासाठी? टॅक्स फ्री म्हणाल तर तेही नाही. 1 फेब्रुवारी 2021 पासून घेतलेल्या युलिपचा हप्ता वर्षाला अडीच लाखांच्या वर असेल तर मॅच्युरिटीवरच्या नफ्यावर टॅक्स लागतो. तुमचा हप्ता त्याच्या दुप्पट आहे.

अजून नऊ हप्ते म्हणजे 45 लाख भरायचे, जवळ आहेत 27. पेन्शनमधून घरखर्च जाऊन वर्षाला दोन-सव्वादोन लाख उरतात, त्यातून 5 लाख निघणार नाहीत. म्हणजे एफडी खायची. आणि तिच्यातून 9 लाख ट्रेलरला गेले तर उरलेल्या 18 मध्ये साडेतीन हप्ते बसतात.

म्हणून दुसरा हप्ता भरू नका. 30 दिवसांत पॉलिसी परत करायची सोय होती, ती मुदत गेली. पण हप्ता थांबवला तर आभाळ कोसळत नाही, बँकेतून फोन येतील, पैसे बुडतील असं सांगतील, ऐकू नका. दुसऱ्या वर्षी थांबवल्याचा चार्ज जास्तीत जास्त 5 हजार आहे. उरलेली रक्कम डिसकंटिन्यूड फंडात, म्हणजे थांबवलेल्या पॉलिसींच्या वेगळ्या फंडात जाते, तिथे कमीत कमी 4 टक्के मिळतात आणि लॉक-इन संपला की पैसे हातात. आज फंड व्हॅल्यू सव्वाचार लाख जरी असली तरी तेव्हा 5 लाखांच्या आसपास परत येतील. पाच वर्षांचं व्याज गेलं, मुद्दल वाचलं. ऑटो-डेबिट मात्र बँकेत जाऊन लेखी बंद करा आणि पोच घ्या. तक्रारही करा, आधी विमा कंपनीकडे लेखी, तिथे दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. हे प्रकरण नसतं तर रिटायरमेंटचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तुम्हाला पोस्टाची सीनियर सिटिझन स्कीम घेता आली असती, आता साठ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल. 15 लाख जॉइंट नावाने पोस्टाच्या एमआयएसमध्ये, म्हणजे दरमहा व्याज देणाऱ्या योजनेत टाका, 7.4 टक्क्याने महिन्याला 9,250 येतात.

दुसरं तुम्ही विचारलेलं नाही आणि तेच मला जास्त खटकतंय. वहिनींना शुगर आहे असं लिहिलंय आणि मेडिक्लेम दोघांनाही नाही. महात्मा फुले योजना आहे हे खरं, पण ती ठरलेल्या उपचारांना आणि ठरलेल्या हॉस्पिटलांतच चालते. आसामात कुठेतरी रात्री अॅडमिट व्हायची वेळ आली तर? म्हणून दोघांचा मेडिक्लेम काढा, प्रपोजल फॉर्मवर शुगर स्पष्ट लिहा, लपवू नका. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं वेटिंग असतं, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, ते आजपासून मोजायला लागू द्या. सप्टेंबर 2025 पासून हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी पण गेलाय.

आता ट्रेलर. 9 लाख लोनने घेतला तर 12 टक्क्याने पाच वर्षं महिन्याला 20 हजार, पेन्शनमधून घरखर्च जाऊन उरतात 18. लोन इथेच संपलं. एफडी मोडली तर 7 टक्क्याने वर्षाचं 63 हजार व्याज गेलं, त्या पैशात दीड हजाराच्या साध्या लॉजच्या 42 रात्री होतात. ट्रिप तुमची दीड महिन्याची! म्हणजे नुसत्या व्याजात दोघांची झोपायची सोय होते आणि 9 लाख जागेवर राहतात. भाड्याने देऊन 15 हजार सुटतील हे विसरा, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही, आणि अमळनेरमध्ये दर महिन्याला कॅम्पिंग ट्रेलर न्यायला येणार कोण? शिवाय ट्रेलरला स्वतःचं आरटीओ रजिस्ट्रेशन लागतं, विकणाऱ्याने अप्रूव्हलचे कागद दाखवले का ते तुम्ही लिहिलंच नाही. तो दाखवत नसेल तर बोलणं तिथेच थांबवा, अॅक्सिडेंटनंतर विमा कंपनी हेच कागद मागणार.

ट्रिप मात्र रद्द करू नका सर, मनापासून सांगतो. जाऊन-येऊन नऊएक हजार किलोमीटर धरा, ट्रेलरशिवाय बोलेरोला डिझेल साठ हजारांत बसेल. राहणं-खाणं, गाडीचं काम धरून दोन लाखांत सगळं होतं, ते एफडीतून बिनधास्त काढा. ट्रेलर ओढायचीच हौस असेल तर एकदा कागद नीट असलेला कुणाचा भाड्याने घ्या आणि तोरणमाळचा घाट चढून बघा, वळणावर समोरून एसटी आली की रिव्हर्स घेताना काय होतं ते तिथेच कळेल. निघायचं नोव्हेंबरात ठेवा, तिकडचा पाऊस संपलेला असतो, आणि अरुणाचलचं इनर लाइन परमिट, म्हणजे त्या राज्यात शिरायचा परवाना, ऑनलाइन निघतं. पण आधी बँकेत जा, आणि पोचचा फोटो मला पाठवा.